मुद्देमाल

नोटांना पावडर खिलारे लावतो.
पांढरी, बिनवासाची, तान्ह्या बाळाला लावावी तशी हलक्या हातानं.
मग पंचांना दाखवायला स्वतःचीच बोटं
सोड्याच्या पाण्यात बुडवतो: पाहा, असा रंग येतो.
पाणी मोरीत ओततो, साबणानं हात धुतो, दोनदा,
आणि ऑफिसातच थांबतो.
ज्यानं पावडर लावली त्यानं सापळ्याकडे फिरकायचं नाही.
चौदा वर्षं सगळ्यांच्या आधी याचे हात गुलाबी होतात
आणि पकडलेला माणूस त्यानं एकदाही पाहिलेला नाही.
परत आलो की विचारतो,
"मॅडम, कसा होता?"

मुगुट झेंडे, राहणार दिवे, वय एकसष्ट.
अंजिराच्या बागेची मोजणी अडली होती, दीड वर्ष.
मागितले आठ, ठरले सहा हजार.
घासाघीस आपणच केली, हे सांगताना
त्याला जरा अभिमान वाटला,
मग एकदम लाज.
नंबर मी मोठ्यानं वाचले,
पाटबंधाऱ्याच्या कुलथेबाई पंच, त्यांनी लिहून घेतले.
एका नोटेवर कुणीतरी पेनानं बदाम काढलेला.
हाही लिहायचा का, त्यांनी विचारलं.
लिहा, म्हटलं.

हडपसर, गाडीतळाच्या मागची टपरी.
इशारा ठरलेला: पैसे दिले की टोपी काढून घाम पुसायचा.
होनराव यायच्या आधीच झेंड्यानं टोपी काढली.
इशारा नव्हता तो.
घामच होता.
चार बाकांवरून आम्ही चौघं अर्धे उठलो
आणि पुन्हा बसलो,
बुडवलेलं बिस्किट चहात तुटल्यासारखे.

होनराव, भूकरमापक. खिशाशी शाईचा जुना डाग.
पैसे त्यानं मोजले नाहीत,
डब्याच्या पिशवीत सरकवले, पोळ्यांखाली.
मी नाव सांगितलं, ओळखपत्र दाखवलं.
तो म्हणाला, "चहा अर्धा राहिलाय."
पण कपाला हात लावता येणार नव्हता,
हात आता त्याचे राहिले नव्हते.

उजवा आधी.
लोकांना वाटतं पाणी लाल होतं.
नाही. बारशाच्या फुग्यांचा असतो तो रंग,
इतका गोड, की बघ्यांतलं कुणीतरी
"अरे वा" म्हणता म्हणता थांबतं.
डाव्या हाताचं पाणी पाणीच राहिलं.
होनराव त्या हाताकडे बघत बसला,
निदान त्याला तरी घरी सोडतील असा.

बाटल्या, लाख, सह्या, रात्रीचे अकरा.
"कसा होता, मॅडम?"
"माणसासारखा," म्हटलं. "जेवलास का?"

चार महिन्यांनी झेंडे आला.
"ताई, मोजणी?"
मोजणीची फाईल मुद्देमालात जमा,
माझ्या कपाटात, माझ्या सहीखाली.
नवा मोजणीवाला म्हणतो मूळ कागद आणा,
कोर्ट म्हणतं तारखेला या,
आणि नकला द्यायला हरकत नाही असं
मी वर तीनदा लिहून पाठवलंय.
वर म्हणजे कुठं, ते त्यानं विचारलं नाही.
"तवा त्यो अडवत हुता," झेंडे म्हणाला,
रागानं नाही, उधारीची वही वाचावी तसा,
"अन् आता..."
माझ्या खुर्चीकडे बघून त्यानं टोपी काढली,
घाम पुसला.

कुणी उठलं नाही.

गेल्यावर दिसलं, बाकाखाली पिशवी.
अंजिरं. झाडाचीच असणार, विकतची इतकी नसतात.
खिलारेला म्हटलं, धाव, सासवडची बस सुटायच्या आत
त्याची त्याला देऊन ये.
त्यानं पिशवी उचलली. तळाशी एक फुटलेलं,
कागदातून बोटांवर उतरलेलं.
खिलारेनं बोटं उजेडात धरली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पिशवी खाली ठेवून
आधी हात धुवायला गेला.
दोनदा.

मी चौथं पत्र लिहायला घेतलं.